अर्ध्या फ्रेमची कंजुषी

आमच्या घरातल्या एकाही फोटोत बाबांचे डोळे उघडे नाहीत. लग्नाच्या फोटोत आई कॅमेऱ्याकडे बघते आहे आणि शेजारी बाबा उभ्याउभ्या झोपले आहेत. माझ्या पहिल्या वाढदिवसाला मी केककडे डोळे वटारून बघते आहे आणि मागे बाबा पुन्हा झोपले आहेत. बाबांच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे माझ्या आत्याचा, स्वतःचा फोटो स्टुडिओ आहे, तरी ही अवस्था. "याचा फोटो दुकानाच्या काचेत लावला तर आलेलं गिऱ्हाईक परत जाईल," असं आत्या म्हणते.

त्यात बाबांचाही इलाज नाही. ते फाउंड्रीत ओतकाम करायचे. भपकन उजेड झाला की आधी पापणी मिटायची आणि मग विचार करायचा, हे त्यांच्या अंगात मुरलंय. फ्लॅशचं बटण कुणी दाबेपर्यंत बाबांनी शटर पाडलेलं असतं.

मागच्या आठवड्यात ती भट्टी कायमची विझली. शेवटच्या ओतकामाला घरच्यांपैकी एकाला आत सोडणार असं कळलं, तेव्हा आई काही बोलायच्या आत मी हात वर केला. वर्षभरापूर्वी केला नसता. तेव्हा वर्गात उत्तर येत असलं तरी मी बाकावरची रेघ बघत बसायचे. मग आत्याच्या डार्करूममध्ये कोऱ्या कागदावर मी काढलेला पहिला फोटो हळूहळू उगवताना पाहिला आणि माझ्यात काय बिघडलं कोण जाणे. हल्ली मला गप्प कसं बसवायचं हा आमच्या घरातला मुख्य प्रश्न आहे.

मुकादमाने दोन अटी घातल्या. पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभं राहायचं आणि फ्लॅश मारायचा नाही, कारण ओतताना कुणी दचकलं तर कुणाचा तरी पाय जातो. फ्लॅश नाही म्हणजे बाबांची पापणी मिटायला कारण नाही. मी मनातल्या मनात दोन उड्या मारल्या.

फ्लॅशशिवाय अंधारात फोटो काढायचा तर रोल पुश करावा लागतो. म्हणजे असं, की रोल असतो चारशे वेगाचा, पण कॅमेऱ्याला थाप मारायची की हा सोळाशेचा आहे. कॅमेरा भोळा असतो, तो कमी उजेडावर भागवून घेतो. पुढे त्या थापेची भरपाई डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, करायची. रोल जास्त वेळ बुडवायचा, किंवा जास्त कडक पाण्यात.

माझ्याकडे रोल एकच होता. आधी गेटपाशी भर उन्हात सगळ्या कामगारांचे एकत्र फोटो काढले, ते सरळ चारशेवर. मग आत जाऊन त्याच रोलवर डायल सोळाशेला फिरवली. एका रोलला एकच वेग, हे आत्याने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि ते मला तिथे लख्ख आठवतही होतं. पण भट्टी माझ्यासाठी थांबणार नव्हती.

आतला पहिलाच फोटो महत्त्वाचा. बाबा आणि लंबूकाका लॅडल उचलत होते. लॅडल म्हणजे वितळलेल्या लोखंडाची बादली, लांब दांड्याच्या मधोमध बसवलेली, दोघांनी दोन टोकांना धरायची. लंबूकाका ताडमाड आणि बाबा त्यांच्या काखेत मावतील एवढे. अशी जोडी कुणी लावली देव जाणे, पण मला आठवतं तेव्हापासून हेच दोघं. बाबा नेहमीचं वाक्य म्हणाले, "लंबू, वाक जरा. माझी बाजू खाली जातेय." हे वाक्य आमच्या घरी पलंग सरकवतानासुद्धा म्हटलं जातं.

तोंडावरची काच खाली ओढण्याआधी बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं.

आता गंमत अशी, की बटण दाबलं की कॅमेऱ्यातला आरसा वर उडतो आणि तेवढ्यापुरतं आपल्याला काहीच दिसत नाही. म्हणजे नेमक्या त्या क्षणी बाबांचे डोळे उघडे होते की मिटलेले, हे जगात फक्त त्या रोलला माहीत होतं. नंतर सगळ्यांच्या काचा खाली आल्या. बाकीचे सगळे फोटो काचांचे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तशी मी दप्तरासकट आत्याकडे. तिचा स्टुडिओ म्हणजे पुढे पासपोर्ट फोटोचं स्टूल आणि निळा पडदा, मागे डार्करूम. डार्करूममध्ये फळीवर बाटल्या असतात आणि मी त्यांची बारशी केली आहेत. साध्या पावडरचा डेव्हलपर म्हणजे 'आजोबा'. शांत, सावकाश, कधी दगा देत नाहीत. दुसरा 'पैलवान'. तो अंधारातून जे काही थोडंफार असेल ते मानगूट धरून बाहेर ओढतो. तिसरी 'गोगलगाय'. पाकासारखी घट्ट, चमचाभर घेऊन भरपूर पाण्यात मिसळायची आणि तासभर विसरून जायचं.

दोन वेग एका रोलवर, हे ऐकल्यावर आत्या काही बोलली नाही. तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. ती बोलते तेव्हा भीती वाटत नाही.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "सगळा रोल पैलवानात टाकू. तुझा भट्टीवाला फोटो निघेल. गेटवरच्या निगेटिव्ह जाडजूड काळ्या होतील, पण छापता येतील. घाम गाळावा लागेल."

"आणि पांढरे शर्ट?"

"शर्ट चुन्यासारखे दिसतील."

"नको. ते फोटो सगळ्यांना द्यायचेत. आत्या, आपण कापूया."

कापणं हे आत्याचंच तंत्र. एखाद्याला पासपोर्ट फोटो तातडीने हवा असेल तर ती पूर्ण रोल संपायची वाट बघत नाही. अंधारात रोल उघडते, जेवढे फोटो काढून झालेत तेवढाच तुकडा कापते आणि तो धुते. त्यासाठी तिने एका लाकडी पट्टीला कानशीने खाचा पाडल्या आहेत, एका फ्रेमला एक खाच. पट्टीचं टोक रोलच्या जिभेच्या, म्हणजे सुरुवातीच्या कोऱ्या शेपटीच्या, टोकाला लावायचं, खाचा मोजायच्या, कात्री चालवायची. इतक्या वर्षांत तिची कात्री एकदाही कुणाच्या नाकावरून गेलेली नाही.

"गेटचे चौदा," मी म्हणाले. "चौदाव्या खाचेवर कापू. पुढचा तुकडा आजोबांना, मागचा पैलवानाला. दोन्ही फर्स्ट क्लास."

"नक्की चौदा?"

"डायल फिरवताना आकडा पाहिलाय मी."

"आणि खाच हुकली तर? सीमेवर कोण बसलंय माहितेय ना?"

"तुझी खाच कधी हुकत नाही."

आत्याने माझ्याकडे बघितलं. "शहाणे, रोल तुझा, बाबा तुझे. काप."

लाल दिवाही बंद केला. पूर्ण अंधार. डार्करूमच्या अंधारात आपण स्वतःच्या हाताला 'कुठेस तू' असं विचारावं लागतं. डबीचं झाकण उचकटलं, रोल हातात आला, पट्टी लावली. मी नखाने खाचा मोजल्या. आत्याने माझ्या हातावर हात ठेवून पुन्हा मोजल्या. कात्री चालवली. फिल्म कापली जाते तेव्हा जो आवाज होतो तो मला एरवी आवडतो.

मग रिळावर चढवायच्या आधी सुरुवातीची जीभ कापून टाकायची म्हणून मी तिचं टोक चाचपलं आणि माझ्या बोटाला घडी लागली. कॅमेऱ्यात रोल अडकवताना जीभ एका फटीत खुपसतात, तिथे ही घडी पडते. आत्या जीभ चांगली खोल खुपसते. माझी घडी टोकाशी होती, अगदी टोकाशी.

मी ती घडी पुन्हा चाचपली.

"आत्या."

"काय गं?"

"मी जीभ जेमतेम अडकवते."

"म्हणजे?"

"कंजुषी. टोक जरासंच खुपसलं की अर्धी फ्रेम वाचते, आणि मग शेवटी कधीकधी एक जास्तीचा फोटो निघतो. मी नेहमीच असं करते. तुझी पट्टी तुझ्या घडीच्या हिशोबाने आहे. माझ्या सगळ्या फ्रेमा अर्ध्याने टोकाकडे सरकल्यात."

अंधारात आत्याने पट्टी टेबलावर ठेवली.

"म्हणजे कात्री पंधराव्याच्या मधून गेली," ती म्हणाली.

"हो."

"आणि पंधरावा तो."

"तोच."

मला वाटलं आता ती ओरडेल, आणि खरं सांगायचं तर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातले तुकडे चाचपले. "रडायचं असेल तर फिल्मपासून लांब रड. खारं पाणी लागतं त्यावर. आधी जीभ काप, दोन्ही रिळं चढव, टँकात घाल, झाकणं लाव. मग दिवा लावून विचार करू."

दोन टँक झाले, झाकणं घट्ट बसली, दिवा लागला. आता दोन काळे डबे आमच्यासमोर होते. एकात गेटवरचे चौदा फोटो आणि माझ्या पंधराव्याचा पहिला अर्धा. दुसऱ्यात उरलेला अर्धा आणि भट्टी. बाबा कुठल्या डब्यात होते? फ्रेमेत दोघं दोन टोकांना. फिल्मवर सगळं उलटं पडतं. मी हवेत बोट फिरवून फिरवून हिशोब केला.

"बाबा गेटवाल्या डब्यात आहेत," मी म्हणाले.

"म्हणजे आजोबांच्या वाट्याला."

"आजोबा त्यांना बाहेर नाही काढणार. थाप मी सोळाशेची मारली आणि भरपाई चारशेची. काचेसारखी कोरी फिल्मच उरेल."

"मग तोही डबा पैलवानाला दे."

आम्ही दोघींनी एकदमच फळीकडे पाहिलं. पैलवानाची बाटली अर्ध्याहून खाली होती. पूर्ण कडक वापरला तर एका टँकापुरता. नवी पावडर दुकानात यायला अजून आठवडा होता, आणि उघडलेला रोल टँकात ठेवून आठवडा वाट बघणं म्हणजे भिजवलेलं पीठ आठवड्याने थापायचं.

"गोगलगाय?" मी म्हणाले.

"गोगलगायीला ओढायची ताकद नाही. सावलीतलं सोडून देते ती."

मी बाटली उजेडात धरली. रंग फिक्या चहासारखा. "पाणी घालूया. निम्मा पैलवान, निम्मं पाणी. दोन टँक होतात."

"सोळाशेला मी कधी पाणी घातलेलं नाही. भिंतीवरच्या तक्त्यातही त्याची वेळ नाही. तक्त्यात कडक सोळाशेचा आहे, पाण्यातला आठशेचा आहे. मधलं कुणी लिहिलेलं नाही."

"पण पाण्याचा एक फायदा आहे बघ. त्या फोटोत लॅडलमधलं लोखंड मधोमध आहे, धगधगतं. कडक पैलवान तिथे धिंगाणा घालेल, सगळ्याचा एक गोळा होईल. पातळ असला की लखलखीत जागी लवकर दमतो आणि काळोख्या जागी काम करत राहतो. फक्त फार हलवायचं नाही. हलवलं की पुन्हा ताजा होतो."

"हे कुणी शिकवलं?"

"तूच. गोगलगायीबद्दल."

"मग पैलवानाला गोगलगायीसारखं चालवायचं म्हणतेस." आत्या हसली नाही, पण तोंडाचा कोपरा हलला. "आणि गेटवरचे? पांढऱ्या शर्टांचं काय? ते तुला फर्स्ट क्लास हवे होते."

हाच खरा पेच होता. त्या एका डब्यात सगळ्या कामगारांचे फोटो आणि माझे अर्धे बाबा होते. पूर्ण पुश केला तर शर्टांचा चुना. अजिबात नाही केला तर बाबांची काच. मी टेबलाच्या कडेला धरून उभी राहिले.

"मधलं," मी म्हणाले. "त्या डब्याला निम्मीच भरपाई. शर्ट थोडे जास्त होतील, बाबा थोडे कमी. दोघांनाही छापताना ओढता येईल. भट्टीच्या डब्याला पूर्ण."

"वेळ?"

"भट्टीला अठरा मिनिटं. गेटला तेरा."

"कशावरून?"

"तक्त्यातल्या दोन आकड्यांच्या मधून. अंदाजाने."

"अंदाजाने," आत्या म्हणाली. तिने कापलेली जीभ उचलली आणि एका वाटीत चमचाभर पातळ पैलवान घेऊन त्यात टाकली. उजेडात पडलेली ती जीभ, पैलवान जिवंत असेल तर काळी व्हायला हवी. आम्ही वाटीवर वाकलो. जीभ राखाडी झाली आणि राखाडीच राहिली. मी पाणी थंड आहे का ते बघितलं, आत्याने वाटी तळहातावर धरली. मग काठाकडून काळं चढायला लागलं, सावकाश, आणि शेवटी जीभ डांबरासारखी झाली.

"म्हातारा झालाय, पण मेला नाही," आत्या म्हणाली. "चौदा दे त्याला. गेटला."

"आणि भट्टीला?"

"ते तू सांग."

"वीस."

आधी भट्टीचा टँक भरला, मग ठरलेल्या अंतराने गेटचा, म्हणजे दोन्ही एकदमच संपावेत. सुरुवातीला हलवलं आणि मग टँक ठेवून दिले. हलवायचं नाही हे किती अवघड असतं ते हलवणाऱ्यालाच कळतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

दारावर टकटक झाली.

"झालं का?" बाबांचा आवाज.

भट्टी विझल्यापासून बाबांना काय करावं कळत नाही. सकाळी नेहमीच्या वेळी उठतात, बूट घालतात आणि बूट काढतात. त्या दिवशी ते चालत चालत इथवर आले असणार.

"नाही," आत्या म्हणाली. "स्टुलावर बस. गिऱ्हाईक आलं तर सांग मालकीणबाई कामात आहेत."

"लंबू पण आलाय."

"मग दोघं बसा."

"स्टूल एकच आहे, ताई."

"मग बाळ्या, तू उभा राहा. त्याला उभं केलं तर पंख्याला लागेल."

बाहेर लंबूकाका खॉ खॉ हसले. मग बाबा जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आतला निघेल ना गं? काच ओढायच्या आधीचा?"

मी तोंड उघडलं. आत्याने बोट ओठांवर ठेवलं, घड्याळ दाखवलं. हलवायची वेळ झाली होती. मी एकच हेलकावा दिला, टँक खाली ठेवला आणि मग म्हणाले, "बाबा, मी तो फोटो मधून कापलाय. अंधारात. निघेल की नाही माहीत नाही."

मग लंबूकाका म्हणाले, "मधून म्हणजे आडवा की उभा?"

"उभा. तुमच्या दोघांच्या मधून."

"मग ठीक आहे. मला वाटलं माझी मान गेली."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, म्हणून मी फिल्मपासून लांब सरकले.

वेळ झाली. पैलवान ओतून टाकला, पाणी घातलं, चित्र पक्कं करणारा फिक्सर घातला. फिक्सरमध्ये असताना झाकण उघडता येतं, पण आत्या कधी आधी उघडत नाही आणि त्या दिवशी मीही उघडलं नाही. मनात फक्त एकच होतं, की काच नको, काच नको.

आधी भट्टीचं रीळ. पहिल्या जागी अर्धी फ्रेम होती, कात्रीने सरळ कापलेली. त्यात लंबूकाका, दांड्याचं टोक आणि बादलीचा अर्धा. बादलीतलं लोखंड काळंभोर, पण गोळा नाही. त्याच्या काठावरची साय दिसत होती. पैलवान तिथे वेळेवर दमला होता.

मग गेटचं. चौदा फोटो, शर्ट जरा जाड, पण माणसं ओळखू येत होती. आणि शेवटी, कापलेल्या काठाला लागून, पातळ, धुरासारखी एक आकृती.

आत्याने भिंग दिलं. तिने फिल्मची पट्टी उजेडासमोर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. उजेड काळा, काळोख पारदर्शक. बाबांचा चेहरा राखाडी, कपाळावर वर सरकवलेली काच, खाली जबडा. मी डोळ्यांच्या जागी भिंग आणलं. डोळे मिटलेले असते तर तिथे नुसती राखाडी पापणी असती.

दोन काळे ठिपके होते. टाचणीच्या टोकाएवढे. भट्टीचा उजेड बुबुळांत चमकला होता.

"आत्या, ठिपके."

तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. "पन्नाशीला आलाय तो," ती म्हणाली. "माझ्या आख्ख्या धंद्यात पहिल्यांदा."

दार उघडलं. बाबा आणि लंबूकाका आत आले, लंबूकाका दारात वाकून. मी दोन्ही पट्ट्या उजेडाच्या काचेवर ठेवल्या, एक इकडे एक तिकडे.

"हे भूत कोण?" बाबा म्हणाले.

"तुम्ही."

"आणि हा काळ्या दातांचा?"

"मी," लंबूकाका म्हणाले. "हसलो होतो का मी तेव्हा?"

"तू कायम हसतोस."

"ठिपके बघा," मी म्हणाले. "ते डोळे आहेत. उघडे."

बाबांनी भिंगातून पाहिलं. मला वाटलं होतं ते काहीतरी म्हणतील, डोळ्यांबद्दल, इतक्या वर्षांबद्दल. त्यांनी भिंग बाजूला ठेवलं आणि दोन जाड बोटांनी आपली पट्टी सरकवत लंबूकाकांच्या पट्टीला नेऊन भिडवली. मधोमध बादलीचे दोन अर्धे जवळ आले. एक पातळ, एक गडद. दांडा जुळेना.

"छापताना दोघांना वेगवेगळा वेळ द्यावा लागेल," आत्या मला म्हणाली. "तुझी चांगलीच जिरणार आहे."

"जिरू दे," मी म्हणाले.

बाबा अजून दांडा जुळवत होते. त्यांच्याकडचं टोक पुन्हा पुन्हा घसरत होतं. त्यांनी वर न बघता कोपराने लंबूकाकांना ढोसलं.

"तुझी पट्टी घे जरा खाली," ते म्हणाले. "माझी बाजू खाली जातेय."